सदाहरित डॅशबोर्डची रचना

संगणकप्रणालीवर देखरेख ठेवण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या डॅशबोर्डचे, म्हणजे निरनिराळे आकडे व आलेख एकाच पडद्यावर दाखवणाऱ्या फलकाचे, दोन प्रकार संभवतात: एक बिघाड कळावा म्हणून मांडलेला आणि दुसरा बिघाड कळू नये म्हणून मांडलेला. पहिल्या प्रकारावर विपुल ग्रंथरचना झालेली आहे. दुसरा व्यवहारात अधिक प्रचलित असूनही त्याचे पद्धतशीर विवेचन सहसा आढळत नाही. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी येथे बालाघाट जिल्ह्यातील धान उपार्जनाचे, म्हणजे आधारभूत किमतीने होणाऱ्या भाताच्या सरकारी खरेदीचे, उदाहरण घेतले आहे. त्यातील प्रणाली आणि ती सांभाळणारे पथक काल्पनिक आहे. कामाचे टप्पे मात्र वारासिवनी, लांजी किंवा कटंगीच्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असलेले आहेत: नोंदणी, स्लॉट बुकिंग, केंद्रावरील तोलाई आणि शेवटी बँक खात्यात जमा होणारी रक्कम. निम्म्याहून अधिक भूभाग वनाच्छादित असलेल्या जिल्ह्यात डॅशबोर्डही बारमाही हिरवा असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मेट्रिक म्हणजे विशिष्ट नावाने, ठरावीक अंतराने आणि वेळेसह नोंदवला जाणारा आकडा. प्रोसेसर किती व्यग्र आहे, मेमरी किती उरली आहे, असले आकडे सर्व्हरवरून तयार मिळतात. तोलाई किती झाली आणि रक्कम किती जणांना पोचली हे मात्र सर्व्हरला ठाऊक नसते, ते प्रणाली लिहिणाऱ्याने मुद्दाम मोजावे लागते, आणि अशा मुद्दाम मोजलेल्या आकड्यांना कस्टम मेट्रिक म्हणतात. ते गोळा करण्यासाठी बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमिथियस, आणि रेखाटण्यासाठी टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये पुढे आणलेले ग्राफाना, ही जोडी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. दोन्ही साधने विनामूल्य मिळत असल्यामुळे पॅनेलांच्या, म्हणजे फलकावरील चौकटींच्या, संख्येला खर्चाची मर्यादा पडत नाही, ही प्रस्तुत शास्त्राच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात, चारच गोष्टी मोजता येणार असतील तर प्रतिसादाला लागणारा वेळ, येणाऱ्या मागणीचे प्रमाण, चुकांचे प्रमाण आणि यंत्रणा किती भरत आली आहे याचे माप एवढे मोजावे, असे सुचवले आहे. परंतु चार आकड्यांनी बैठकीच्या दालनातील भिंत भरत नाही, हा व्यावहारिक विचार त्या ग्रंथकारांना शिवलेला दिसत नाही. पॅनेलांची संख्या साठाच्या खाली येऊ देऊ नये. साठांपैकी कोणते पाहावे हे ज्याला कळत नाही तो अज्ञान उघडे पडेल म्हणून विचारत नाही, आणि ज्याला कळते त्याला ते सापडत नाही.

मेट्रिकच्या प्रकारांपैकी काउंटर आणि गेज यांतील भेद नीट समजून घेतल्याशिवाय सदाहरित रचना साधत नाही. काउंटर केवळ वाढतो. प्रणाली बंद पडून पुन्हा सुरू झाली की तो शून्यावर येतो, एवढीच त्याची घसरण. हंगामात आजवर तोललेल्या क्विंटलांची बेरीज हा काउंटर होय. गेज मात्र चढतो तसा उतरतोही: सिवनी जिल्ह्यातील भीमगढच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले की बालाघाटात वैनगंगा चढते आणि ते बंद झाले की ओसरते, ती पातळी गेज होय. जाणकार मंडळी काउंटर नुसता दाखवत नाहीत. गेल्या पाच मिनिटांत तो कोणत्या वेगाने वाढला हा दर काढून दाखवतात, कारण काटा सकाळपासून बंद असेल तर दर लगेच शून्यावर उतरतो. सदाहरित पद्धतीत दर काढू नये. एकूण बेरीज जशीच्या तशी मांडावी आणि आलेखाचा आडवा अक्ष हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावा; मग तोलाई दिवसभर थांबली तरी रेषा पडत नाही, तिच्या टोकाचा तिळाएवढा भाग फक्त आडवा होतो, आणि तो आडवा झाला आहे हे ओळखायला पडद्याच्या जितके जवळ जावे लागते तितक्या जवळ साहेबांची खुर्ची सहसा नसते.

दोन काउंटरांची वजाबाकी करण्याचा मोह विशेषत्वाने टाळावा. भूमिगत खाणीत पाळीला खाली उतरलेल्यांची आणि वर आलेल्यांची नोंद ठेवावी लागते. बालाघाट शहराजवळच्या भरवेलीत, जिथल्या मँगनीज खाणीची गणना आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत होते, ही वजाबाकी शून्य न येणे म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खाणवाल्यांची ही सवय उपार्जनाच्या प्रणालीत शिरली, तर ज्यांचे धान तोलले गेले त्यांच्या संख्येतून ज्यांना रक्कम मिळाली त्यांची संख्या वजा होते, आणि जी बाकी उरते तिचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते. त्याहून उपद्रवी आकडा एकच आहे: रक्कम न मिळालेल्यांपैकी सर्वांत जुन्या शेतकऱ्याची तोलाई होऊन किती दिवस लोटले. तो दाखवायला एक गेज पुरतो, आणि किरनापूरच्या शेतकऱ्याला प्रणालीकडून दुसरे फारसे काही जाणून घ्यायचेही नसते. तथापि रक्कम पोचण्यात समिती, गोदाम आणि बँक या सर्वांचा हात असल्यामुळे हा आकडा नेमका कोणाचा, याविषयी पथकात मतभेद संभवतात. मतभेद मिटेपर्यंत ती जागा रिकामी न ठेवता तेथे पाठवलेल्या एसएमएसची संख्या दाखवणे श्रेयस्कर. एसएमएस पाठवणे सर्वस्वी प्रणालीच्या हाती असते आणि त्या संख्येची वजाबाकी कशातूनही करता येत नाही.

प्रतिसादाच्या वेळेसंबंधी सरासरीचा आश्रय घ्यावा. समजा, स्लॉट बुकिंगसाठी शंभर मागण्या आल्या, त्यांतील पंचाण्णव ०.२ सेकंदात पुऱ्या झाल्या आणि पाचांना प्रत्येकी ४० सेकंद लागले, तर सरासरी २.१९ सेकंद येते, जी ऐकून कोणीही चहाचा कप खाली ठेवत नाही. ते पाच जण मैकलच्या रांगेत बैहर किंवा परसवाड्याकडे, टॉवर डोंगराआड गेलेल्या एखाद्या गावात, मोबाइल उंच धरून उभे असू शकतात, हे सरासरीत दिसत नाही. चिकित्सक वृत्तीचे लोक यावर शतमकाचा आग्रह धरतात: सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या असता शंभरातील नव्व्याण्णव मागण्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात, ती वेळ म्हणजे नव्व्याण्णवावे शतमक. असा आग्रह झाल्यास विरोध न करता तो तत्काळ मान्य करावा. प्रोमिथियसच्या हिस्टोग्राम नावाच्या प्रकारात प्रत्येक वेळ स्वतंत्रपणे न ठेवता ती ठरावीक मर्यादांच्या कप्प्यांत मोजली जाते. अनेक ठिकाणी आयत्या मिळणाऱ्या मर्यादांपैकी शेवटची दहा सेकंदांची असते, तिच्यापलीकडचे सारे एकाच अमर्याद कप्प्यात पडते, आणि शतमक त्या कप्प्यात जाऊन पोचले तर उत्तर म्हणून दहाच मिळतात. चाळीस सेकंद दहा दिसतात, चारशेही दहाच दिसतात. अचूक गणिताने इतका सुखावह आकडा देणारी सोय दुसरीकडे मिळणे कठीण आहे, आणि ती बदलायची नसल्यामुळे तिच्यासाठी कोणाची मंजुरीही लागत नाही.

लेबल, म्हणजे एकाच मेट्रिकचे पोटविभाग पाडणारी चिठ्ठी, उदारपणे लावावी. शंभर केंद्रे, पाच टप्पे आणि चार निकाल एवढीच लेबले असतील तर दोन हजार मालिका तयार होतात, ज्या साधा सर्व्हर सहज पेलतो. शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांकही लेबल म्हणून जोडला आणि पन्नास हजार शेतकरी आपापल्या एकेकाच केंद्रावर आले असे धरले, तरी मालिका दहा लाखांपर्यंत जाऊ शकतात. मेमरी संपत जाते आणि देखरेखीची यंत्रणा मूळ प्रणालीच्या आधी कोसळते. हा दोष वाटला तरी त्याचा लाभ पुढच्याच विषयात दिसून येतो.

तो विषय असा की आकडा न येणे आणि आकडा शून्य येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंद पडलेला सर्व्हर चूक करत नाही, म्हणून चुकांची नोंदही पाठवत नाही. पॅनेलवर ‘नोंद नाही’ अशी करडी अक्षरे उमटली तर पाहणारा अस्वस्थ होतो. त्याऐवजी सूत्रात रिकाम्या जागी शून्य भरण्याची तरतूद करावी, म्हणजे वीज जाताच चुकांचे पॅनेल सर्वाधिक हिरवे होते. ग्राफानाच्या अलर्टमध्येही, म्हणजे आकड्याने मर्यादा ओलांडताच संदेश पाठवणाऱ्या नियमात, नोंद न आल्यास काय समजावे हे निवडता येते. तेथे ‘सर्व सुरळीत’ हा पर्याय उपलब्ध आहे, आणि ज्यांनी तो ठेवला त्यांना मानवी स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. अलर्टविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. आरंभी ते इतके पाठवावेत की व्हॉट्सॲपचा गट प्रत्येक जण मूक करील. पुढचे काम गट स्वतःच करतो.

घड्याळाच्या बाबतीत मात्र स्वतः कष्ट घ्यावे लागतात, कारण ग्राफाना पाहणाऱ्याच्या ब्राउझरची वेळ आपसूक दाखवते. मांडणीत जाऊन जागतिक प्रमाणवेळ हेतुपूर्वक निवडली की आलेख साडेपाच तास मागे सरकतो, आणि सकाळी दहाला केंद्रावर उडालेली झुंबड पहाटे साडेचारला दिसते. त्या वेळी तोलाई चालत नसते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो उंचवटा आकड्यांतील दोष ठरवून बाजूला ठेवता येतो.

शेवटची बाब जुन्या नोंदींच्या साठ्याची. वेगळे काही न सांगितल्यास प्रोमिथियस पंधरा दिवसांचे आकडे ठेवते आणि त्यामागचे पुसते. रक्कम न मिळालेला शेतकरी प्रथम सोसायटीत विचारतो, मग बँकेत पासबुक भरून पाहतो, मग तहसिलीत अर्ज देतो. अर्ज जिल्ह्याला जाऊन, तेथून त्या तोलाईच्या दिवशी प्रणालीत काय घडले अशी विचारणा पथकाकडे येईपर्यंत पंधरा दिवस कधीच उलटलेले असतात. त्यामुळे इतर सर्व मूल्ये बदलली तरी या एका मूल्याला हात लावू नये. साठा वाढवण्यासाठी लागणारी डिस्क फार महाग नसते, पण तिच्या मागणीपत्रात ती कशासाठी हवी हा रकाना भरावा लागतो.