मालक सॅन होजेत, घर इंडियानापोलिसला

सॅन होजेच्या परिसरातील गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत हमखास भेटणारा दूरस्थ घरमालक वाचकांस अपरिचित नाही. राहत्या गावी दुसरे घर घेणे आवाक्याबाहेरचे असल्याने तो इंडियानापोलिससारख्या स्वस्त शहरात एकाच कुटुंबापुरते, अंगण असलेले स्वतंत्र घर घेऊन भाड्याने देतो, आणि ते घर त्याने गूगलच्या नकाशावाचून कधी पाहिलेले नसते. ‘कॅश फ्लो पॉझिटिव्ह आहे’ हे त्याचे पालुपद. म्हणजे भाड्यातून कर्जाचा हप्ता, कर, विमा आणि प्रॉपर्टी मॅनेजरचे, अर्थात भाड्याच्या आठ-दहा टक्के घेऊन भाडेकरू शोधण्यापासून नळ दुरुस्तीपर्यंत सारे पाहणाऱ्या कारभाऱ्याचे, मानधन वजा जाता हाती काही उरते.

पहाटे चारला, म्हणजे तिकडे सातला, वॉटर हीटर फुटून तळघरात पाणी साचल्याचा निरोप येतो. तरी कॅश फ्लो पॉझिटिव्ह. इंडियाना राज्यात मालमत्ता कराची कमाल मर्यादा मालक स्वतः राहत असलेल्या घरास मूल्याच्या १ टक्का, तर भाड्याच्या घरास २ टक्के आहे. हा गृहस्थ मात्र जुन्या मालकाचे बिल पाहून हिशेब मांडतो आणि पुढे दुप्पट बिल आले की ‘लाँग टर्ममध्ये’ एवढे शब्द जोडून तेच पालुपद आळवतो. अमेरिकी करकायदा अशी इमारत साडेसत्तावीस वर्षांत झिजते असे मानून दरवर्षी उत्पन्नातून वजावट देतो, जिला घसारा म्हणतात; ही कागदावरची झीज त्याला पेढ्यासारखी गोड लागते, छपराची खरी झीज तेवढी एक्सेलच्या तक्त्यात बसत नाही.

तथापि एक गोष्ट, काहीशा नाइलाजाने, नोंदवावी लागते. या वर्गातील पुष्कळांचे बालपण पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेले, जेथे भाडे कायद्याने गोठलेले असल्याने मालक कौले शाकारीत नसे आणि आई गळतीखाली पातेली मांडीत असे. त्यामुळे भाडेकरूची तक्रार आली की हा गृहस्थ तीन ठिकाणची कोटेशने मागवीत बसत नाही. नवा हीटर त्याच दिवशी बसतो, आणि त्या महिन्याच्या कॅश फ्लोविषयी तो अवाक्षर काढीत नाही.

वाचकांनी त्याच्या सल्ल्याने घर घेऊ नये. भाड्याने राहण्याची पाळी आली, तर मालक मात्र असाच पाहावा.