आमच्याकडे उणे आठ

डिसेंबरात सकाळी डायमंड गार्डनला चकरा मारताना माकडटोपीतले एक काका हटकून भेटतात. ‘आमच्याकडे आज उणे आठ,’ असं सांगून ते कपाळावरचा घाम पुसतात. आमच्याकडे म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिथे लेकीच्या घरी कुंडीत कढीपत्ता आहे आणि त्याचा हिवाळा काका चेंबूरला बसून काढतात.

इथून रोप न्यायची सोय नाही. कढीपत्त्यावरच्या किडीतून लिंबू-संत्र्यांना रोग लागतो, म्हणून अमेरिकेत मज्जाव. लेकीने शेजारणीच्या झाडाचा फुटवा आणून लावला. तेव्हापासून जावयाच्या कमरेची खैर नाही. ऑक्टोबरात रात्रीचा पारा पन्नास फॅरनहाइटला टेकला की चेंबूरहून हुकूम सुटतो, ‘पन्नास म्हणजे आपले दहा. कुंडी आत घ्या!’

पहिल्या वर्षी जावई ‘जागा नाही’ म्हणाला. ‘चौदाव्या लुईने व्हर्सायला संत्र्याच्या कुंड्यांसाठी अख्खी इमारत बांधली, आणि तुम्हाला एक खिडकी जड झाली?’ ऊन येणाऱ्या दक्षिणेच्या खिडकीत जावयाचं ऑफिसचं टेबल होतं. ते आता तळघरात आहे.

काका आरसीएफच्या खत कारखान्यातून निवृत्त. उभा जन्म ‘सुफला’च्या गोण्यांत गेला, आणि थंडीत या झाडाला खताचा दाणा द्यायचा नाही! झाड पेंगत असतं, खाणार कुठून? पाणीसुद्धा वरची माती सुकल्यावरच, बेताने. जावयाला हे बजावताना काकांचा आवाज जड होतो.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. नात ‘आजोबा’ म्हणेपर्यंत इकडून फर्मान, ‘फोन पानाखाली धर.’ हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी सुटतो, बेचक्यात पिठ्या ढेकूण दडतो. नात बिचारी पानं उलटत राहते. गेल्या जानेवारीत तर झाडाचा पार खराटा झाला. लेक रडकुंडीला आली.

‘बाबा, गेलं हो.’

‘रडू नकोस. नखाने साल खरवड.’

तपकिरी सालीखाली हिरवी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी काकांनी बागेत पेढे वाटले. तिथल्या मंडळींना नवल वाटलं नाही. एकाचा मोगरा टोरांटोत अडकलाय, दुसऱ्याचं लिंबू लेस्टरला.

काकूंना यातलं काही पटत नाही. त्यांना भाजीवाला कोथिंबिरीवर कढीपत्त्याची काडी फुकट टाकतो. ‘एवढ्या फोनांत माझ्या सात जन्मांच्या फोडण्या झाल्या असत्या,’ त्या म्हणतात.

मे महिना लागला की जावई कुंडी बाहेर काढायची परवानगी मागतो. काका देत नाहीत. पंधरा तारखेपर्यंत दंवाचा भरवसा नसतो, आणि नंतरही आठवडाभर सावलीतच ठेवायची, नाहीतर कोवळी पानं करपतात. परवा दुपारी चेंबूर भाजून निघत असताना बनियनवर बसलेले काका फोनवर ओरडत होते, ‘नको, नको! आज रात्री आमच्याकडे गारठा आहे!’

काकूंनी उठून पंखा बंद केला.