किती पडले?

निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग लागतोच. कुणी हास्यक्लबात जाऊन हसतो, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार होऊन इतरांचं हसू घालवतो, कुणी अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटरचा ताबा घेतो. आणि हे सगळं करूनही ज्याचा वेळ उरतो, तो दुसऱ्यांच्या पोरांची करिअर मार्गी लावायला घेतो. असा एक गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलनीत असतो. आमच्या सांगलीत, विश्रामबागेत जो आहे, त्याला सगळे नुसतं ‘काका’ म्हणतात. त्यांचे सख्खे पुतणेसुद्धा फोनवर नावाआधी बैठक क्रमांक सांगतात.

‘किती पडले?’ हा काकांचा नमस्कार. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, दळण घेऊन येताना, कुठंही तो घडतो. एकदा तर अंत्ययात्रेहून परतताना त्यांनी गेलेल्या गृहस्थांच्या नातवालाच विचारलं. पोरानं डोळे पुसत ‘एकोणऐंशी’ म्हणून सांगितलं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘रडू नको बाळ, डिप्लोमा बघू.’

त्यानंतरचं वाक्य ‘सायन्स ना?’ हे असतं. त्यातलं प्रश्नचिन्ह केवळ सभ्यतेपोटी. नव्वदच्या वर असेल तर सायन्स. ऐंशी ते नव्वद असेल तर सायन्सच, पण क्लास लावून. त्याखाली डिप्लोमा, त्याखाली कॉमर्स. आर्ट्स हा शब्द काकांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. तसा प्रसंग आलाच तर आवाज उतरवून ते विचारतात, ‘एमपीएससी करायची आहे का?’ पोरगं काहीच बोलत नाही. ते बोलणं अपेक्षितही नसतं. काकांच्या समोरच्या खुर्चीत बाप बसतो, बापाच्या शेजारी आई, आणि पोरगं दाराजवळच्या मोड्यावर, फ्रीजकडे तोंड करून.

काकांची कीर्ती मात्र फुकटची नाही, हे आधी सांगायला हवं. प्रवेशप्रक्रिया नावाचं जे अरण्य सरकारनं वाढवलंय, त्यातल्या पायवाटा या माणसाला तोंडपाठ आहेत. मुंबई-पुण्यात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश कधीचेच होते, पण आमच्याकडं कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा आणि फळ्यावर यादी लागायची वाट बघायची, असा कारभार होता. २०२५ साली ऑनलाइन पद्धत राज्यभर आली. सांगलीच्या घराघरात ते संकट म्हणून आलं, काकांच्या घरी वैभव म्हणून. जेवणाच्या टेबलावरून काकूंचं लोणचं हललं आणि तिथं लॅपटॉप आला. फॉर्मचा भाग एक, भाग दोन, दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम. त्यातही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि ते नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘पहिला पसंतीक्रम म्हणजे लग्नाला दिलेला होकार. नंतर दुसरं स्थळ चांगलं आलं म्हणून रडायचं नाही!’ हे ते इतक्या गंभीरपणे म्हणतात, की समोरचे आईबाप नकळत एकमेकांकडं बघतात.

बारावीनंतर तर काकांना पंखच फुटतात. सीईटीचा निकाल घेऊन कुणी ‘सत्त्याण्णव पडले!’ म्हणत पेढे आणले, की काका पेढा हातात धरून ठेवतात, खात नाहीत. ‘सत्त्याण्णव टक्के नव्हेत ते. पर्सेंटाइल. म्हणजे दर लाखात तीन हजार पोरं तुझ्या पुढं. तीन लाख बसली असतील तर नऊ हजार. आता वालचंदला जागा किती, तूच सांग.’ एवढं झाल्यावर मग पेढा खातात. हिशेब चोख असतो, त्यामुळं कुणाला रागावताही येत नाही. इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. बाकीचे लोक वीस-पंचवीस भरून दमतात, काकांना तीनशे कमी पडतात. ब्रँच आधी की कॉलेज आधी, या प्रश्नावर त्यांनी पहाटे दोनपर्यंत लोकांना जागवलं आहे.

आणि कागदपत्रं! वय-अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यावरची नावाची चूक. तहसीलच्या सेतू केंद्रात कुठल्या वारी गर्दी कमी असते, सर्व्हर दुपारी किती वाजता बसतो, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा कुणाकडून मिळतो, हे काकांना विचारावं. कॉलनीतला एक मुलगा केवळ काकांनी वेळेत दाखला काढायला लावला म्हणून आज डॉक्टर आहे. हे काम खरंच मोलाचं आहे आणि काकांनी तेवढंच करून थांबावं, असं मला नेहमी वाटतं. पण दाखले काढून देणारा माणूस म्हणवून घेण्यात काय मजा? काकांना भविष्य सांगायचं असतं.

त्या भविष्याचा इतिहास मोठा आहे. सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर आमच्याकडं १९४७ पासूनचं एक वालचंद. तिथं लागला तर लागला, नाहीतर बाप देणगीची सोय करून पोराला कर्नाटकात पाठवायचा. दादांनी दारं उघडली आणि आत कुठल्या खोलीत जायचं हे सांगणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली. काका तेव्हा एका बँकेत कॅश काउंटरला होते. पैसे मोजता मोजता जाळीतून सल्ला द्यायचे. ‘इलेक्ट्रॉनिक्स. डोळे झाकून इलेक्ट्रॉनिक्स.’ लोकांनी डोळे झाकले. पुढं पोरं बाहेर पडली तोवर सगळीकडं कॉम्प्युटर, कॉम्प्युटर सुरू झालं. काकांनीही मग कॉम्प्युटर सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात २००० नंतर अमेरिकेत डॉट कॉमचा फुगा फुटला. ‘संपलं ते कॉम्प्युटर,’ काका म्हणाले, ‘मेकॅनिकल हेच खरं.’ मधे बायोटेक येऊन गेलं. डी.एड.ची एक मोठी लाट आली. ‘दोन वर्षांत सरकारी गुरुजी’ असं म्हणत त्यांनी तीन गल्ल्यांतल्या मुली डी.एड.ला घातल्या आणि मग शिक्षकभरतीच थांबली. मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा जेव्हा राज्यभर रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा काका परत कॉम्प्युटरवर आले होते. हल्ली ते ‘एआय अँड डीएस’ सांगतात. त्यातलं डीएस म्हणजे काय, असं मी विचारलं. ‘ते दुसऱ्या वर्षी शिकवतात,’ म्हणाले.

यात काकांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. ते पेपर वाचतात, कटऑफच्या याद्या वाचतात आणि त्यावरून बोलतात. कटऑफ म्हणजे तरी काय? गेल्या वर्षीच्या आईबापांनी कशाला घाबरून कुठं गर्दी केली, त्याचा तक्ता. त्यावरून चार वर्षांनंतरची नोकरी ओळखायची म्हटल्यावर काकाच काय, कुलगुरूही फसतील.

सरकारनं एकदा काकांची जागा घ्यायचा प्रयत्न केला होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची ‘कल चाचणी’ व्हायची. पोराचा कल कृषीकडं, वाणिज्याकडं, ललित कलेकडं की ‘गणवेशधारी सेवे’कडं, ते छापील कागदावर यायचं. काका त्या वर्षांत जरा कोमेजले होते. पण त्यांना लवकरच कळलं, की घाबरायचं कारण नाही. एक गृहस्थ मुलाचा कागद घेऊन आले. कल होता ललित कला. काकांनी कागद वाचला, बापाकडं दिला. बापानं कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाला, ‘बरं. कल कळला. आता सायन्सचा फॉर्म भरून घेऊ.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकांकडं कुणी सल्ला मागायला येतच नाही. बाप घरून ठरवून आलेला असतो. मामा पुण्यात आयटीत, म्हणून पोरगा आयटीत. आत्त्याची मुलगी मिरजेच्या शासकीय मेडिकलला, म्हणून हिनं नीट द्यायची. मग १८० प्रश्न आणि ७२० गुण यांचा धाक तिच्या उशाशी ठेवायचा. काकांनी फक्त हो म्हणायचं. त्या होकाराचा उपयोग पुढं होतो. पोरानं दुसऱ्या वर्षी ड्रॉप घेतला, कॅम्पसला कंपनीच आली नाही, पोरगी होस्टेलवरून रडत परत आली, की बापाकडं वाक्य तयार असतं: ‘आम्ही काय करणार, काकांनी सांगितलं म्हणून टाकलं.’ आणि चांगलं झालं तर? ‘पोरगं मुळातच हुशार हो आमचं.’ चाळीस वर्षांच्या या सेवेत काकांच्या खात्यावर जमेची एक नोंद नाही, नावेच्या मात्र भरपूर आहेत. बँकेतला माणूस असून त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. मला वाटतं, त्यांना यातलं सगळं ठाऊक आहे. दोष ठेवायला घराबाहेरचा एक खांदा लागतो, तो ते पुरवतात. घरात मग बाप-लेकांचं बोलणं तरी सुरू राहतं.

काकांचं स्वतःचं करिअर कुणी घडवलं? मेहुण्यानं. मेहुण्याला पेपरात बँक भरतीची जाहिरात दिसली आणि त्यानं स्वतःबरोबर काकांचाही फॉर्म भरला. मेहुणा नापास झाला, काका लागले. त्याआधी ते विलिंग्डन कॉलेजात बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेले. हे कॉलनीत फारसं कुणाला ठाऊक नाही. सकाळी फिरायला जाताना ते रस्त्याकडेच्या गाजरगवताकडं बघून ‘पार्थेनियम’ असं पुटपुटतात. लोकांना वाटतं काहीतरी मंत्र आहे. टणटणी दिसली की ‘लँटाना कॅमारा’. दंडोबाच्या डोंगरावर सहलीला गेलो होतो तेव्हा सगळे भडंग खात बसले आणि हे तासभर दिसेनात. काकू म्हणाल्या, ‘बसले असतील कुठल्यातरी झुडपापुढं. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा मलाही आघाडाच दाखवला होता.’

तर गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीत पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मी तिथंच होतो, माझ्या भाच्याच्या दाखल्यासाठी. मुलगी बारावीला, बायोलॉजीवाली. गृहस्थांचं सगळं ठरलेलं. ‘नीटचं राहू दे काका, ते आपल्या आवाक्यातलं नाही. सीईटी देऊन बी.फार्म. करू दे. २०२४ पासून मुलींची फी माफ आहे, आपलं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. आणि कुपवाड रोडला गाळा घेऊन ठेवलाय. मेडिकलचं दुकान टाकून देतो.’

म्हणजे गाळ्याचं करिअर ठरलेलं होतं, त्यात बसायला माणूस हवा होता.

काकांनी सवयीनं लॅपटॉप उघडला. मग मोड्यावरच्या मुलीला, कसं कोण जाणे, विचारलं, ‘तुला काय करायचंय ग?’ बाप दचकला. मुलगी त्याहून जास्त. ती फ्रीजला म्हणाली, ‘झाडांचं काहीतरी.’

‘झाडांचं म्हणजे? नर्सरी टाकणार का?’ बाप म्हणाला.

‘नाही. ओळखायची असतात ना... तसलं.’

काका बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. बॉटनीला स्कोप नाही, हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की ते आता आपोआप येईल म्हणून मी वाट बघत होतो. ते आलं नाही. त्यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव घेतलं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करता येईल म्हणाले, बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यातच असतं म्हणाले. ही माहिती त्यांनी कधी आणि कुणासाठी गोळा करून ठेवली होती, देव जाणे. बाप ऐकेना. ‘ते सगळं नंतर बघू. आधी सीईटीचा फॉर्म भरा.’

काका लॅपटॉप मिटवत म्हणाले, ‘तारीख गेली.’

‘गेली? मुदतवाढ मिळते की दरवर्षी!’

‘यंदा नाही.’

काकांनी सांगितलेली तारीख कुणी तपासत नाही. तेवढी त्यांची पत आहे. माझ्या भाच्याचा त्याच सीईटीचा फॉर्म त्याच लॅपटॉपवर त्यांनी पाच मिनिटांपूर्वी अर्धवट भरून ठेवला होता, आणि मी चहाच्या कपात बघत बसलो.

मुलगी आता विलिंग्डनला एफ.वाय.ला आहे. गाळा भाड्यानं गेलाय. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालंय. परवा भाजी बाजारात ते गृहस्थ भेटले आणि काकांच्या तोंडावरच मला सांगायला लागले, ‘या काकांनी वाट लावली हो माझ्या पोरीची. एक तारीख सांभाळता आली नाही यांना. ती आता पिशव्या भरभरून गवत घरी आणते.’

काकांनी शांतपणे मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघितली.

‘ते असू दे,’ ते म्हणाले. ‘तिचं नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतंय. सेतूत सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.’