आमची नव्हे हो ती!

अण्णांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन वाक्यं ऐकावी लागतात. पहिलं, "चपला बाहेरच राहू द्या." आणि दुसरं, सोफ्यावर ऐसपैस पसरलेल्या करड्या पट्ट्यांच्या मांजरीकडे बघत, "ती आमची नव्हे हो. अशीच येते." अशीच येते, त्याला या दिवाळीत सहा वर्षं होतील. येते कसली, जातच नाही. आणि आलेला पाहुणा प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, कारण आमची नसलेलीला उठवायचं कसं?

हे अण्णा डोंबिवलीचे, पण दापोलीपासून दर्यापूरपर्यंत घरोघरी एकेक अण्णा असतोच. मांजर आणायला कडाडून विरोध त्याचाच. "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी!" असं तो पहिल्या दिवशी ठणकावतो. मग दोघंही राहतात. फक्त आरामखुर्ची तिच्या नावावर होते.

आमचे अण्णा सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेले. ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही, हे त्यांचं तत्त्व. म्हणून मांजरीला नावच ठेवलेलं नाही. "नाव ठेवलं की नातं लागतं," असं त्यांचं म्हणणं. हाक मारायची ती "अगं ए!" पंचेचाळीस वर्षं माईंनाही हीच हाक असल्यामुळे एका हाकेला दोघी येतात. त्यातली नेमकी कोण हवी होती, हे माईंना आताशा न विचारताच कळतं. त्या तशाच परत फिरतात.

श्रावणात या घरात मासळी शिजत नाही. तरीही सकाळी दहाच्या सुमारास जिन्यात मांदेली उकडल्याचा वास येतो. कोळणीशी घासाघीस करताना मी अण्णांना प्रत्यक्ष पकडलं. "श्रावणात, अण्णा?" मी विचारलं. "मी कुठे खातोय? मीठसुद्धा घालत नाही त्यात," अण्णा म्हणाले. हे समर्थन होतं की कबुलीजबाब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाईसाहेबांची मुख्य कामगिरी संध्याकाळी सुरू होते. मांजरं तिन्हीसांजेला आणि पहाटे अंगात आल्यासारखी वागतात, त्याला ही अपवाद नाही. आधी ती फ्रीजसमोर बसते. डोळ्यांतला हिरवा रंग आक्रसून सगळा काळा होतो. मग बूड दोनदा डावी-उजवीकडे हलतं. "अहो, बरणी!" माई स्वयंपाकघरातून ओरडतात, पण तोवर ती फ्रीजवर पोचलेली असते. तिथून कपाटावर, कपाटावरून थेट पडद्याच्या दांडीवर. तिथे शेपटी सुकाणूसारखी हलवत ती डोंबाऱ्याच्या पोरीसारखी टोकापर्यंत चालत जाते आणि परत यायची वेळ आली की पडद्यावरून खाली उतरते, नखं रोवून. टर्रर्र!

"जुनाच होता," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणतात. तिने फोडलेली, फाडलेली प्रत्येक वस्तू अण्णांच्या हिशेबात घसारा होऊन आधीच शून्यावर आलेली असते. लोणच्याची बरणी? तिला तडा होताच. गेल्या महिन्यात घेतलेला काचेचा जग? "काच हलकी लावतात हल्ली." एकदा तिने टेबलावरचा अण्णांचा चष्मा पंजाने कडेपर्यंत सरकवला, थांबली, अण्णांकडे बघितलं, अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि मग तिने शांतपणे शेवटचा धक्का दिला. "नंबर बदलायचाच होता," अण्णा म्हणाले.

एका रविवारी मी चहाला बसलो असताना ती माळ्यावरच्या ट्रंकेवरून घसरली. पाठ खाली, पाय वर. माझ्या हातून बशी सुटली. ती मात्र हवेतल्या हवेत वळून चारही पायांवर उतरली आणि काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटू लागली.

"बघितलंत?" अण्णांचा आवाज वेगळाच होता. "आधी पुढचे पाय पोटाशी घेऊन पुढचा अर्धा भाग वळवला. तेव्हा मागचे पाय लांब ठेवले, म्हणजे मागचा भाग फारसा उलटा फिरत नाही. मग पुढचे लांब, मागचे जवळ, की मागचा भागही वळला. 1894 साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडत्या मांजराचे लागोपाठ फोटो काढून हे दाखवलंय. 1969 मध्ये त्याचं गणितही मांडलं गेलं."

"अण्णा, तुमची नव्हे ना ती?"

"नव्हेच. हे सामान्य ज्ञान आहे."

"आणि गॅलरीला नवी जाळी?"

"कबुतरांसाठी," अण्णा म्हणाले आणि पुढे त्यांना राहवलं नाही. "मांजराच्या खांद्यातलं ते गळ्याचं हाड दुसऱ्या हाडाला जोडलेलंच नसतं. डोकं गेलं की ग्रिलमधून अख्खी जाते. तिसरा मजला आहे आपला." कबुतरांच्या खांद्यांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

पाडव्याला श्रीखंडाच्या पातेल्यात तिचं तोंड सापडलं, तेव्हा माई लाटणं घेऊन धावल्या. अण्णा मध्ये उभे राहिले. "गोड चव मांजराच्या जिभेला कळतच नाही. ती साखरेसाठी आलेली नाही, चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी आलीय." इतका भक्कम बचाव अण्णांनी माझ्यासमोर पोटच्या मुलाचाही केला नव्हता. त्याला बारावीत गणितात कमी गुण मिळाले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "गाढव."

परवा तिला रेबीजची लस द्यायची होती. भाजीच्या टोपलीवर जुनी ओढणी बांधून आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. टोपली अण्णांच्या मांडीवर आणि दर खड्ड्याला "हळू हो!" हे रिक्षावाल्याला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. अण्णांनी चष्मा लावला (नवा नंबर) आणि 'मालकाचं नाव' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लागू नाही.'

"असं चालत नाही काका," मुलगी म्हणाली. "मग तुम्ही कोण?"

अण्णांनी क्षणभर विचार करून ते खोडलं, स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात नोंद केली, 'काळजीवाहू'.

"आणि मांजरीचं नाव?"

आता फजिती होणार म्हणून मी सरसावून बसलो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मवर हाताचा आडोसा धरून काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा करून दिला. मी कितीही मान लांब केली तरी दिसेना.

अर्ध्या तासाने आतून कंपाउंडरने दार उघडलं आणि भरल्या दवाखान्यात खणखणीत पुकारा केला, "सोनुली!" आणि त्यापुढे अण्णांचं आडनाव.

अण्णा ताडकन उभे राहिले. टोपली छातीशी धरून चार पावलं गेले आणि वळून मला म्हणाले, "ते फॉर्मपुरतं हं."