घटस्फोट प्रमाणपत्र यांस खुले पत्र

प्रति,
मा. घटस्फोट प्रमाणपत्र,
मुक्काम पोस्ट ठाऊक नाही.

विषय: आपण एकदाचे जन्माला यावे, नाहीतर कागदपत्रांच्या यादीतून जावे, याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आपल्याला मागणी फार आणि आपला पत्ता कोणाकडेच नाही. घाटावर जा की घाटाखाली, खिडकीपलीकडून एकच वाक्य येतं: "घटस्फोटाचं सर्टिफिकेट जोडा." कुठे मिळतं, असं विचारलं की उत्तर येतं, "ते तुम्ही पाहा." भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पीकपाणी, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत होतं; आपण कधी आणि कोणत्या टेबलावर प्रकट व्हाल, ते मात्र तिथेही सांगत नाहीत.

आपल्या भावंडांचं बरं आहे. जन्माचा आणि मृत्यूचा दाखला 1969 च्या कायद्याने मिळतो. लग्नाच्या नोंदीसाठी महाराष्ट्राने 1998 साली कायदा केला आणि खेड्यात ग्रामसेवकच विवाह निबंधक झाला. माणूस जन्मला, बोहल्यावर चढला, मेला, की वही उघडते. लग्न मोडल्यावर दाखला देणारं खातं मात्र सरकारने काढलेलं नाही. हाती येतो तो कोर्टाचा हुकूमनामा. म्हणजे आपण नव्हेच.

तरी आपला थाट पाहा. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक टाका, असं तिचं म्हणणं. ज्या बहिणीचे वडील वारले आणि नवऱ्याशी काडीमोड झाला, तिने कोणाचा ओटीपी आणायचा? हा प्रश्न मुदत संपत आल्यावर सुटला. मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि ठरलं की अशा बहिणींनी मृत्यूचा दाखला, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश द्यावा. यादीत आपलं नाव छापून आलं आणि आपण कुठेतरी नक्की मिळता, असा गावोगाव समज झाला. त्या 'किंवा'च्या पुढचं वाचायला कोणाला सवड होती?

गंमत म्हणजे पासपोर्टवाल्यांना आपण नको आहात. डिसेंबर 2016 मध्येच परराष्ट्र खात्याने सांगून टाकलं की घटस्फोटितेने जोडीदाराचं नाव द्यायची गरज नाही, हुकूमनामाही जोडायची गरज नाही. म्हणजे सातासमुद्रापार जायला कागद लागत नाही, लाडक्या बहिणीच्या महिन्याच्या दीड हजारासाठी लागतो.

तसं या बाबतीत थांबायची सवय आम्हाला जुनी आहे. 1947 साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. खान्देश मुंबई प्रांतात, आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात. भुसावळच्या बाईला कोर्टाचं दार उघडलं. आगगाडीने पुढच्याच टापूत असलेल्या मलकापूरच्या बाईला जातीच्या चालीरीतीत मोकळीक नसेल, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

आता खऱ्या कागदाच्या शोधाचं सांगतो. समजा, बाई चिखलीची. बारा वर्षांपूर्वी निकाल लागला, कागद पुरात गेले की भावाच्या ट्रंकेत, कोण जाणे. "निकाल जळगावले लागला," एवढं तिला आठवतं. कोणतं जळगाव? जामोदचं की खान्देशातलं? अर्ज लग्न लागलं तिथे, समोरचा राहतो तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, आणि 2003 पासून बायको राहते तिथेही करता येतो. म्हणजे चार गावं धुंडाळायची. गाव सापडलं तर प्रकरण क्रमांक आणि साल लागतं. ते वकिलाच्या डायरीत असतं आणि जुनी डायरी रद्दीत गेलेली असते. मग नावावरून शोध, नकलेचा अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, पानांचे पैसे. शेवटी नक्कल हाती येते, तिच्या पाठीवर तारखांचा शिक्का: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. हा शिक्का उगाच नसतो. अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस कायदा सोडून देतो. बाईचे गेलेले दिवस कोण सोडून देतो?

आणि आता मुद्द्याचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 चं चौथं पोटकलम म्हणतं की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची. मोफत! इतकी वर्षं हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात आहे, पण ते पक्षकार बाईच्या कानावर कोणी घातलं? निकालाच्या दिवशी तिला कळतं ते एवढंच, "झालं तुमचं, जा."

अमेरिकेत काउंटीच्या कोर्टात बहुतेक ठिकाणी कोणीही परका माणूस दुसऱ्याच्या घटस्फोटाची फाईल मागू शकतो. आपला कायदा त्या मानाने सोज्वळ. कलम 22 प्रमाणे सुनावणी बंद दाराआड, छापायलाही बंदी. पण दाराआड जपलेली अब्रू गावात येऊन चव्हाट्यावर पडते. "सगळे कागद द्या" म्हटलं की बिचारी अख्खं निकालपत्र झेरॉक्स करून देते. त्यात कोणी कोणावर काय आरोप केले, सासू काय बोलली, सगळं नमूद. योजनेचे कागद घेऊन वाचणारी अंगणवाडीतली बाई तिच्याच गल्लीतली.

आपल्या गैरहजेरीत तोतयांचं फावलं आहे, हेही कळवतो. एक बॉण्ड, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का: झाली सोडचिठ्ठी. जातीच्या चालीरीतीतला घटस्फोट कायद्याने मोडीत काढलेला नाही हे खरं, पण तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या बॉण्डने लग्न मोडत नाही. आणि नवऱ्याने नुसतंच टाकून दिलेल्या परित्यक्तेकडे तर बॉण्डही नसतो. तिच्यासाठी आपण कोणत्या नमुन्यात येणार?

तेव्हा महोदय, जन्म घेणार नसाल तर राजीनामा द्या.

आपला,
एक अर्जदार, घाटाखालून

प्रत माहितीसाठी आणि पुढील कार्यवाहीसाठी:

1. खिडकीपलीकडचे सर्व साहेब: हुकूमनाम्याची प्रत हाच घटस्फोटाचा पुरावा आहे. ती घ्या, दुसरं काही मागू नका.

2. वकीलसाहेब: मोफत प्रतीचं पोटकलम अशिलाला निकालाआधी सांगा.

3. सर्व बहिणी: निकाल लागला की आपली मोफत प्रत मागून घ्या. कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. आणि कोणी कागद मागितला तर हुकूमनामा द्या, निकालपत्र देऊ नका.