नोंदी 'दुरुस्त' करणाऱ्यांविषयी तक्रार

पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या पणजोबांचे कागद शोधणाऱ्या घरांत एक घाई दिसते. दोन कागद जुळले नाहीत की एकाला खोटे ठरवायचे आणि दुसरा फ्रेम करून भिंतीवर लावायचा. या घाईची मला चीड येते, कारण बहुतेक वेळा दोन्ही कागद खरे असतात.

जिल्ह्याचेच घ्या. एका कागदावर 'खानदेश', दुसऱ्यावर 'पूर्व खानदेश', आणि घरचे सांगतात जळगाव. तिन्ही बरोबर. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. तरीही शहाद्याच्या शिपायाच्या वंशावळीत १९१५ सालापुढे बिनदिक्कत 'नंदुरबार जिल्हा' लिहितात. मग पुढचा शोधणारा त्या नावाने जुने दप्तर धुंडाळतो आणि रिकाम्या हाताने परततो.

पलटणीचेही तेच. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. जुन्या कागदावर १०३, नंतरच्यावर १/५ दिसले की घरात 'पणजोबांनी पलटण बदलली' ही गोष्ट तयार होते. बदलले ते फक्त पलटणीचे नाव. उलट १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभारली गेली. म्हणून १९३० साली कुणी 'महार रेजिमेंटमध्ये' होता असे लिहिलेले सापडले, तर ती विसंगती खरी आहे आणि तिथे थांबून तपासलेच पाहिजे. आमची मंडळी नेमकी तिथे थांबत नाहीत.

शिपायाचा क्रमांकही पलटणीपुरता असे, त्यामुळे एकच क्रमांक दोन वेगळ्या माणसांचा निघतो. वय भरतीच्या वेळी अंदाजाने सांगितले जाई. कारकून नाव कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिही, आणि आडनाव अनेकदा राहूनच जाई. म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि पलटण हे चारही जुळल्याशिवाय माणूस एकच आहे असे ठरवू नये.

हे सगळे त्या धुळ्याच्या शेजारी घडते, जिथे १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ कागद जपून आहे. आपल्याला, खानदेशच्या लोकांना, तरी कागदाबाबत अशी घाई शोभत नाही.

मागणी साधी आहे. काहीही खोडू नका. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी, कधी, कोणत्या कामासाठी केली ते लिहा, आणि जे जुळत नाही ते 'जुळत नाही' असेच राहू द्या. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे नाहीत, फक्त संख्या कोरली आहे. त्यांच्या नावाचा जो कागद उरला आहे, तो आपल्या सोयीने नीटनेटका करण्याचा हक्क आपल्याला नाही.