टीव्हीला रोल नंबर द्या

उपनगरातल्या कॉलेजात नॅकची समिती यायची म्हटलं की दोन कामं हमखास निघतात. जिन्याला रंग लागतो आणि वर्गात टीव्ही लागतो. रंग निदान दिसतो. टीव्हीचं तसं नाही. ‘आयसीटी-सुसज्ज वर्ग किती?’ या प्रश्नापुढे आकडा लिहिला की त्याचं अवतारकार्य संपतं.

अंधेरीतल्या एका कॉलेजाने (नाव कशाला, तुम्हाला वाटतंय तेच) पुढची मजल मारली. प्रत्येक टीव्हीच्या पाठीत बिनतारी कास्टिंगचं एकेक डबडं खोचलं. मोबाइलवरची स्लाइड थेट पडद्यावर, वायरीची कटकट कायमची बंद. उद्घाटनाला नारळ फुटला, प्राचार्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘वायफायशी जोडा’. टाळ्या तरीही पडल्या.

कॉलेजचं वायफाय पडलं सुरक्षित. तिथे सगळ्यांना मिळून एक पासवर्ड हा प्रकार नाही. ज्याने त्याने स्वतःच्या यूजरनेमने आत यायचं. हे खूळ नव्हे. एप्रिल २०२२ च्या आदेशात केंद्र सरकारच्या सर्ट-इनने बजावलंय की लॉग १८० दिवस जपा आणि सायबर भानगड झाली तर सहा तासांत कळवा. कोण कधी आत आलं, हे ठाऊक असायलाच हवं.

डबड्याची जात मात्र दिवाणखान्यातली. या जातीतलं सगळ्यात गाजलेलं क्रोमकास्ट २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला निघालं आणि डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे २,९९९ रुपयांना आलं. घरात वायफाय एक, पासवर्ड एक, माणसं सगळी आपली. आपल्याला कोणी यूजरनेम विचारेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. ते भरायला जागाच दिलेली नाही.

मग नेटवर्कवाल्या सरांकडे शिष्टमंडळ गेलं.

‘‘सर, याला एक लॉगिन द्या ना.’’

‘‘कोणाच्या नावाने?’’

‘‘टीव्हीच्या.’’

‘‘टीव्ही विद्यार्थी आहे की कर्मचारी?’’

प्रश्न बिनतोड होता, म्हणून समिती नेमली. विद्यार्थी म्हणावं तर लिव्हिंग सर्टिफिकेट नाही, आणि हजेरी शंभर टक्के असल्याने संशय येतो. कर्मचारी म्हणावं तर पदाला मंजुरी नाही. तासिका तत्त्वावर घ्या, अशी एक सूचना आली. त्या मंडळींना वर्षानुवर्षं टांगून ठेवायचा कॉलेजला सरावही आहे. तेवढ्यात कोणीतरी पात्रतेचा मुद्दा काढला. नेट-सेट झालंय का? सेट आहे, नेट नाही. फाइल तिथेच बंद झाली.

वास्तविक डबड्याचा मॅक पत्ता नोंदवून त्याला वेगळ्या कप्प्यात घेता येतं. पण आत घेऊन तरी भागतं कुठे? मोबाइल टीव्ही शोधतो तो हाक मारून. चाळीच्या गॅलरीत उभं राहून ‘अहो, कोणी आहे का?’ म्हणावं, तशी ती हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते. ती आपल्या चाळीपुरतीच. राउटर ओलांडत नाही. कॉलेजात विद्यार्थी एका व्हीलॅनवर (म्हणजे एका चाळीत), शिक्षक दुसऱ्या, टीव्ही तिसऱ्या. हाक मारणारे घसा फोडतात, टीव्ही ढिम्म. बरं, सगळीकडे दारं सताड उघडली तर एफवायचा एखादा पोरगा कॅन्टीनमध्ये बसून प्राचार्यांच्या केबिनमधल्या टीव्हीवर आयपीएल लावणार. तो लावेलच, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनाही हे चुकलेलं नाही. त्यांच्या नेटवर्कवाल्यांनी २०१२ मध्ये ॲपलकडे जाहीर अर्जच केला होता: तुमच्या उपकरणांना जरा मोठ्या नेटवर्कात नांदायला शिकवा. पुढे नेटवर्कच्या कंपन्यांनी उपाय काढले. हाक एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पोचवायची, पण ज्या वर्गात उभे आहात तिथलाच टीव्ही दाखवायचा. त्याला लायसन्स लागतं, लायसन्सला पैसे लागतात, आणि पैसे जिन्याला लागले होते.

तेव्हा आता टीव्ही लावायचाच झाला तर वर्ग शिकवणाऱ्या मॅडमांच्या हॉटस्पॉटवर चालतात. डबडं हॉटस्पॉटवर, लॅपटॉप हॉटस्पॉटवर. पासवर्ड १२३४५६७८, टीव्हीच्या चौकटीवर खाकी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलेला. आठचा आकडा पुसट झाला की शिपाईमामा पुन्हा गिरवतात. मागच्या बाकावरची पोरं त्याच डेटावर रील बघतात. मोबाइलचाच पडदा फेकला तर बायनरी ट्रीच्या फांदीवर मॅडमच्या मुलुंडच्या सोसायटीचा निरोप येऊन बसतो: ‘बी विंगचं पाणी तीनपर्यंत बंद.’ वर्ग तो वहीत उतरवून घेतो. आणि कॉलेजचं सुरक्षित नेटवर्क? एकदम सुरक्षित. त्याचे १८० दिवसांचे लॉग तपासून पाहा, वर्गात कोणी काही शिकवल्याचा पुरावा सापडणार नाही.

मार्च २०२५ मध्ये जगभरची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट अचानक मान टाकून बसली. त्यांच्या पोटातलं प्रमाणपत्र दहा वर्षांनी संपलं होतं. ही बातमी आली तेव्हा आपली डबडी चालू आहेत की बंद, हे छातीठोकपणे सांगेल असा माणूस स्टाफरूममध्ये निघाला नाही.

ताजं परिपत्रक असं: एचडीएमआय केबल ग्रंथालयात मिळेल, ओळखपत्र जमा करून, एका तासापुरती. नव्या लॅपटॉपांना त्या केबलचं भोक नसल्याने सोबत कन्व्हर्टर लागतो. कॉलेजात कन्व्हर्टर एकच आहे. तो एचओडी मॅडमच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, आणि मॅडम कलिन्याला मीटिंगला.